पांडेसरा ते विद्यापीठ : रोजच्या वाटेवरील धोके

(भाषणाचा मजकूर)



सुरत शहराच्या दक्षिण अंगाला असलेला पांडेसरा हा भाग ज्यांनी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान पाहिला आहे, त्यांना आजचा विषय निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. रात्रपाळीचे कामगार त्याच वेळी गिरण्यांच्या फाटकांतून बाहेर पडत असतात आणि दिवसपाळीचे आत शिरत असतात. ग्रे कापडाच्या ताक्यांनी शिगोशीग भरलेले टेम्पो डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांपुढे मागेपुढे होत असतात, बॉयलरसाठी कोळसा आणणारे ट्रक रस्त्याच्या कडेला वाट पाहत उभे असतात, आणि सहाआसनी असो वा तीनआसनी, जी रिक्षा समोर येईल तीत माणसे दाटीवाटीने बसत असतात. या सर्व धांदलीतून पाठीवर दप्तर अडकवलेले काही मुलगे व मुली वाट काढीत असतात. त्यांना उधना-मगदल्ला मार्गावरील वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात वेळेवर पोहोचावयाचे असते.

पांडेसरा आणि विद्यापीठ यांमधील अंतर म्हणाल तर सरळ रेषेत पाच किलोमीटरच्या आसपास. रस्त्याने ते सहासात किलोमीटर भरते. खानदेशातील एखाद्या खेड्यातून तालुक्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलास हे अंतर हसण्याजोगे वाटेल. परंतु धोका हा किलोमीटरांनी मोजला जात नाही. तो त्या किलोमीटरांवर कोण कोण चालते, कोणत्या वेगाने चालते आणि एकमेकांना कितपत दिसते, यावर अवलंबून असतो.

येथील मराठी वस्तीचा इतिहास थोडक्यात सांगितला तर विषयाचे गांभीर्य अधिक स्पष्ट होईल. उधन्याहून निघून नंदुरबार, अमळनेर, धरणगाव या मार्गाने जळगावला जाणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधावयास घेतला गेला. त्या मार्गाने पुढे कापूस आला तशी माणसेही आली. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. कोणी लूमवर उभे राहिले, कोणी रंगाईच्या खात्यात, कोणी टेम्पोवर. बारा तासांची पाळी ही येथील रीत होय. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी विद्यापीठाच्या आवारात पाऊल ठेवते तेव्हा पुष्कळदा त्या घराण्यातील तेथवर पोहोचलेली ती पहिलीच व्यक्ती असते. सदर विद्यापीठाची स्थापना १९६५ च्या कायद्याने झाली आणि २००४ साली त्यास सुरतेचे सुपुत्र कवी नर्मद यांचे नाव जोडण्यात आले. स्वभाषेचा मोठा शब्दकोश एकहाती तयार करणाऱ्या आणि विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाच्या नावाच्या संस्थेत गिरणी कामगाराची मुलगी शिकते, ही गोष्ट अभिमानाची आहे. ती मुलगी संध्याकाळी घरी सुखरूप परत यावी, एवढ्याच हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम काही आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाची सरासरी काढली तर ती चारशे साठच्या वर जाते. या मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवर होते. अठरा ते पंचेचाळीस या वयोगटाचा वाटा दोनतृतीयांशाच्या जवळपास होता. म्हणजे महाविद्यालयात जाणारे आणि नुकतेच कामाला लागलेले, अशांचीच ही संख्या आहे. हे आकडे ऐकून सभागृहात क्षणभर शांतता पसरते आणि सभा संपताच बाहेर उभ्या केलेल्या मोटारसायकलीवर तिघे जण बसून निघून जातात, हा नेहमीचा अनुभव आहे. यास्तव आकड्यांवर फार न थांबता प्रत्यक्ष रस्त्याकडे वळणे बरे.

पांडेसऱ्यातील विद्यार्थी विद्यापीठात जातो तो बहुतेक करून मोटारसायकलीने अथवा स्कूटरने. वाहन पुष्कळदा जुने, हप्त्यावर घेतलेले असते. वडिलांची रात्रपाळी संपली की तेच वाहन मुलाच्या हाती येते. त्याच्या ब्रेकांची तपासणी शेवटची केव्हा झाली, टायरची नक्षी शिल्लक आहे काय, मागचा दिवा लागतो काय, हे पाहण्यास घरात कोणालाही सवड नसते. वडील थकून आलेले असतात, मुलाचा तास चुकत असतो. अशा वेळी मुलाच्या हातून वेग वाढतो. आता वेग वाढल्याने नेमके काय होते, हे हिशोबाने पाहण्यासारखे आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. समोर काही आडवे आले हे डोळ्यांनी पाहून हात ब्रेककडे जाईपर्यंत साधारणपणे एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर वाहन थांबण्यास आणखी सुमारे १० मीटर लागतात. एकूण झाले २१ मीटर. तेच वाहन ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर हे अंतर ४० मीटरच्या घरात जाते. वेग दीडपट झाला, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले. रस्ता ओला असेल, किंवा डाइंग मिलच्या दारापुढे सांडलेल्या पाण्याने व तेलाने बुळबुळीत झाला असेल, तर या हिशोबात आणखी भर घालावी लागेल. आणि एवढे करून वाचतो तो वेळ किती? सहासात किलोमीटरांच्या वाटेवर, मधल्या चौकांत थांबणे धरले, तर दोनतीन मिनिटांपेक्षा अधिक नव्हे.

डोक्यावरील हेल्मेटविषयी या शहरात जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या वस्तूविषयी झाली असेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये दुचाकीचा चालक आणि मागे बसणारी व्यक्ती या दोघांनाही ते आवश्यक आहे. २०१९ च्या डिसेंबरात गुजरात शासनाने शहरी हद्दीत ते ऐच्छिक ठरविले होते. केंद्रीय कायद्याशी विसंगत असलेली ही सवलत फार काळ टिकली नाही. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीपासून सुरत शहर पोलिसांनी या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली, आणि दंडाच्या धाकाने का होईना, शहरातील डोकी झाकली जाऊ लागली. परंतु मागे बसणाऱ्याचे काय? उपरोक्त २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातल्यामुळे मरण पावलेल्यांची संख्या ५०,०२९ दिली आहे. त्यांपैकी १४,३३७ जण वाहन चालवीत नव्हते, ते मागे बसलेले होते. मित्राच्या मागे बसून विद्यापीठात जाणारा विद्यार्थी, भावाच्या मागे बसून परीक्षेला जाणारी बहीण, अशी ही माणसे. हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्यास होणाऱ्या इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असा अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे. मात्र ते हेल्मेट मानक संस्थेचे चिन्ह असलेले हवे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा. १ जून २०२१ पासून बिगरमानांकित हेल्मेटांच्या विक्रीस मनाई आहे. तरीही पदपथावर टोपीवजा हलकी हेल्मेटे मिळतात आणि ती पोलिसांना दाखविण्यापुरती घेतली जातात. अशा वस्तूवर खर्च केलेले पैसे वाया गेले असेच समजावे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अवयवदानाच्या कार्यात सुरत शहराचे नाव देशभर आदराने घेतले जाते. मेंदूमृत व्यक्तीच्या नातलगांनी दुःखाच्या क्षणी घेतलेला तो निर्णय खरोखरच वंदनीय असतो, आणि त्यामुळे दूरच्या शहरातील अनोळखी रुग्णांना जीवदान मिळते. पण वृत्तपत्रांतील त्या बातम्या लक्षपूर्वक वाचणाऱ्यास दाता कसा मेंदूमृत झाला, हेही दिसते. दुचाकी घसरली, डोक्याला मार लागला, हे शब्द त्यांत वारंवार येतात.

आता अवजड वाहनांविषयी. औद्योगिक वसाहतीतून जाणाऱ्या वाटेवर ती टाळता येणार नाहीत, कारण त्या वसाहतीचे पोटच त्यांच्यावर चालते. म्हणून त्यांचा स्वभाव जाणून घेणे इष्ट. ट्रकचालकाच्या उंच आसनावरून लांबचा रस्ता उत्तम दिसतो, परंतु त्याच्या अगदी पुढच्या भागालगत आणि विशेषतः डाव्या अंगाला असलेली दुचाकी त्यास दिसत नाही. आरशातही ती येत नाही. ट्रक डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने, कोपऱ्याला घासून जातात. चौकात ट्रक थांबलेला पाहून त्याच्या आणि पदपथाच्या मधल्या फटीत जो दुचाकीस्वार शिरतो, तो चालकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. दिवा हिरवा होतो, ट्रक वळतो, आणि पुढे जे घडते त्यात ट्रकचालकाचा दोष शोधत बसण्यास त्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांस जन्मभर वेळ मिळतो. ट्रकचालकाचा चेहरा त्याच्या आरशात आपल्याला दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, ही खूण प्रत्येक नवशिक्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुसरे असे की, ताक्यांनी भरलेल्या टेम्पोचा माल पुष्कळदा मागे हातभर बाहेर आलेला असतो, आणि रस्त्याकडेला उभ्या केलेल्या ट्रकांना मागचे दिवे अथवा परावर्तक पट्ट्या असतीलच असे नाही. हिवाळ्यात सकाळच्या धुक्यात व धुरात, किंवा संध्याकाळी वर्ग सुटल्यावर परतताना, अशा उभ्या वाहनावर मागून आदळण्याचा धोका चालत्या ट्रकपेक्षा कमी नव्हे.

उधना ते सचिन या रस्त्याच्या मध्यभागी जलद बससेवेची स्वतंत्र मार्गिका आहे. ही बीआरटीएस सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली आणि पुढे तिचे जाळे शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे झाले. वाहतूक कोंडीत अडकलेल्या तरुणास ती रिकामी मार्गिका फार मोह घालते. परंतु तेथे बस विनाअडथळा वेगाने येते आणि तिच्या चालकाने समोरून दुचाकी येईल अशी अपेक्षाच केलेली नसते. बसने जाणाऱ्यांनाही एक गोष्ट सांभाळावी लागते. थांबा रस्त्याच्या मधोमध असल्याने प्रत्येक प्रवासी चढण्यापूर्वी व उतरल्यावर अर्धा रस्ता ओलांडतो. बस येताना दिसली की कठडा ओलांडून धावत सुटण्याची जी सवय पडली आहे, तिच्यामुळे बसचा सुरक्षित प्रवास पायी चालण्याच्या त्या वीस पावलांत धोक्याचा होतो. एरवी रोजच्या वाटेसाठी बस हेच सर्वांत निर्धोक वाहन होय, हे मान्य करावयास हवे. थेट बस मिळाली नाही तर ती बदलावी लागते, गर्दी असते, दहा मिनिटे अधिक जातात, हेही तितकेच खरे.

ज्यांना बस जमत नाही आणि स्वतःचे वाहन नाही, ते भागीदारीच्या रिक्षेने जातात. तीन प्रवाशांच्या रिक्षेत सहासात जण, आणि त्यांपैकी एक चालकाच्या शेजारी, अर्धा आत व अर्धा बाहेर. जागा मिळाल्याच्या आनंदात त्यास कळत नाही की रिक्षा खड्ड्यात आदळली तर धरण्यासाठी त्याच्या हाताशी काहीच नाही, आणि दप्तराचे ओझे त्याला बाहेरच्या बाजूस ओढते आहे. चालकासही सुकाणू नीट फिरवता येत नाही. पुढची रिक्षा पाच मिनिटांत येते.

पावसाळ्यातील धोका येथे निराळ्या प्रकारचा आहे. २००६ च्या ऑगस्टमधील तापीचा महापूर सुरतकरांच्या स्मरणात आहेच. परंतु पांडेसरा, बमरोली, अलथाण या पट्ट्यास तापीपेक्षा खाड्यांचे भय अधिक. भेदवाड व काकरा यांसारख्या खाड्यांत वरच्या भागातील पावसाचे पाणी उतरते, आणि समुद्राला भरती असली की ते पुढे सरकत नाही. आकाश निरभ्र झाले तरी रस्त्यावरील पाणी चढतच राहते. २०२५ च्या जून महिन्यातही शहराने असा खाडीपूर पाहिला. पाण्याखाली गटाराचे झाकण उघडे आहे की बंद, हे वरून कळत नाही. गुडघ्याएवढे पाणी वाहते असेल तर दुचाकी ढकलत नेण्याचाही प्रयत्न करू नये. त्या दिवशीचा तास चुकला तर चुकू द्यावा.

औद्योगिक वसाहतीच्या नाल्यांविषयीही सावध राहणे अगत्याचे आहे. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे, पांडेसऱ्याच्या दक्षिणेस असलेल्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले जात असता विषारी वायू पसरला आणि सहा कामगार प्राणास मुकले. वीसपेक्षा अधिक लोकांना इस्पितळात हलवावे लागले. ते बिचारे आपापल्या कामाच्या जागी होते. नाल्याकाठच्या आडवाटेने लवकर पोहोचता येते म्हणून पहाटे तेथून जाणाऱ्या विद्यार्थ्याने उग्र वास येताच थांबून पाहत न राहता, तोंडावर ओला रुमाल धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे आणि अग्निशमन दलास कळवावे.

सुरतेच्या रस्त्यावर जानेवारीत आणखी एक संकट आकाशातून उतरते. उत्तरायणाचा उत्साह या शहरात केवढा असतो, हे येथे राहणाऱ्यांस सांगावयास नको. सुरती मांजाची कीर्तीही सर्वदूर आहे. परंतु काचेचा लेप दिलेला आणि त्याहून घातक असा नायलॉनचा दोरा रस्त्यावर आडवा आला, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गळ्यावर तो सुरीसारखा चालतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरीही दर वर्षी या दिवसांत गळा चिरून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. यामुळे सणाच्या दोन दिवशी उड्डाणपुलांवरून दुचाकींना मनाई करण्यात येते. पुलावर दोरा नेमका मानेच्या उंचीला येतो आणि बाजूला वळण्यास जागा नसते, हे त्याचे कारण. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत गळ्याभोवती जाड मफलर अथवा पट्टा, आणि गाडीच्या पुढच्या भागावर लोखंडी तारेची कमान, एवढी तजवीज प्रत्येकाने करण्यासारखी आहे. तिला फारसा खर्च येत नाही.

रेल्वेने येणारे विद्यार्थीही थोडे नाहीत. नवसारी-वलसाडकडून आणि व्यारा-बारडोलीकडून येणाऱ्या गाड्या उधन्यास विद्यार्थ्यांना उतरवितात. याच मार्गावर नवापूर स्थानक लागते. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. तेथील बाकावर बसलेल्या दोघांच्या मधून राज्याची सीमा जाते असे गमतीने सांगतात. पुढे उधन्यास पोहोचल्यावर दादऱ्याचा वळसा टाळण्यासाठी रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे आणि त्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये शिक्षा आहे, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु शिक्षेपेक्षा भयंकर असे काय घडू शकते, त्याचे उदाहरण मुंबईचे आहे. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकावर गाडी पकडताना एक महाविद्यालयीन मुलगी फलाट व गाडी यांमधील पोकळीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. ती रूळ ओलांडत नव्हती, पायरीवर लोंबकळत नव्हती. केवळ फलाट खाली आणि गाडी उंच, एवढ्याने ते घडले. त्यानंतर फलाटांची उंची वाढविण्याचे काम वेगाने हाती घेतले गेले. ही उंची आधीच वाढवणे अशक्य नव्हते. सुरक्षितता ही केवळ विद्यार्थ्याच्या सावधपणावर सोडून चालत नाही, रस्ता बांधणारा, दिवे लावणारा, बसचे वेळापत्रक करणारा या सर्वांचा तीत वाटा असतो, हे प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावयास हवे. 'विद्यार्थ्यांनो, सावध राहा' असे फलक लावून हे सर्व जण मोकळे होऊ शकत नाहीत.

आता ज्या धोक्याविषयी घरात बोलले जाते पण सभेत बोलले जात नाही, त्याकडे वळू. मुलीच्या वाटेवर अपघाताइतकेच भय माणसांचे असते. कारखान्याच्या लांबच लांब भिंतीकडेचा निर्मनुष्य रस्ता, बंद पडलेले दिवे, रिक्षेत अंगाला अंग लावून बसणारा इसम, रोज त्याच कोपऱ्यावर उभे राहणारे टोळके. मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितले तर शिक्षण थांबेल, हे तिला ठाऊक असते. आणि पालकांना कळले तर ते बहुधा तेच करतात. यात पालकांना निर्दय म्हणता येणार नाही. बाराबारा तास कामावर असलेला बाप मुलीला सोडावयास जाऊ शकत नाही आणि आईही पुष्कळदा घरी साडीवर टिकल्या लावण्याच्या मजुरीत गुंतलेली असते. परंतु परिणाम असा होतो की, रस्त्यावर गुन्हा करणारा मोकळा राहतो आणि शिक्षा मुलीला होते. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ महिलेने दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या महाविद्यालय-निवडीचा अभ्यास केला. वाट सुरक्षित वाटावी यासाठी मुली आपल्या गुणांच्या मानाने कमी दर्जाचे महाविद्यालय पत्करतात, अधिक भाडे भरतात, मुलगे मात्र तसे करीत नाहीत, असे तीत आढळून आले. म्हणजे छेडछाडीची किंमत मुलीच्या पदवीतून वसूल होते. याच्या उलट अंगाचे उदाहरण बिहारचे आहे. तेथे २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली, आणि अभ्यासकांच्या मोजणीप्रमाणे माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. शाळा तीच, शिक्षक तेच. फरक पडला तो जाण्यायेण्याच्या सोयीने, आणि मुली घोळक्याने सायकलीवरून जाऊ लागल्याने. महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळ अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून शाळकरी मुलींना बारावीपर्यंत मोफत पास देते, त्यामागील विचारही हाच. मात्र बारावीनंतर, म्हणजे वाट लांबते आणि वेळ अवेळ होते तेव्हाच, ही सोय संपते, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

पांडेसऱ्यातील मुलींना घोळक्याने जाण्याची ही युक्ती सहज साधण्यासारखी आहे. एका गल्लीतील चारपाच जणींनी एकाच बसची वेळ ठरवावी. कोणत्या कोपऱ्यावरील दिवा बंद आहे, हे एकीने नव्हे तर सर्वांनी मिळून महापालिकेस लेखी कळवावे, कारण दहा सह्यांच्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते. गुजरातमध्ये १८१ या क्रमांकावर महिलांसाठी 'अभयम' ही मदतसेवा चोवीस तास उपलब्ध आहे. मुलीने तक्रार केली म्हणून तिचे शिक्षण थांबविले जाणार नाही, एवढा शब्द बापाने तिला आधीच देऊन ठेवला तर तो कोणत्याही मदतसेवेपेक्षा अधिक उपयोगाचा ठरेल.

पालकांसाठी कायद्याची एक बाब. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-क अन्वये पालक अथवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षातील कित्येक मुले सतरा वर्षांचीच असतात, हे लक्षात घ्यावे.

एवढी काळजी घेऊनही अपघात होतो. तेव्हा पहिल्या तासाभरात काय केले जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते. बघ्यांची गर्दी जमते, परंतु पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून कोणी हात लावीत नाही. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्यता दिलेली मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ मध्ये कायद्यात आलेले कलम १३४-क यांमुळे जखमीस इस्पितळात नेणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. त्यास नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. अशा व्यक्तीस केंद्र शासनाने २०२१ पासून ५,००० रुपये पारितोषिक ठेवले आणि पुढे ते २५,००० पर्यंत वाढविले. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीवर ठरावीक इस्पितळांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न मागता उपचार केले जातात. गुजरातेत २००७ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, मजुरा गेट येथील नवीन सिव्हिल इस्पितळ जवळ आहे. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, मान वाकवू नये, पाणी पाजू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे.

शेवटी एक लहानशी सूचना. विद्यार्थ्याच्या मोबाइलला कुलूप असते आणि अपघातात तो पुष्कळदा फुटतो. म्हणून ओळखपत्राच्या मागे कागदाची एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर नाव, रक्तगट, काही औषध चालत नसेल तर त्याचा उल्लेख, आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. या भागातील घरांत एक अडचण निश्चित येते. वडील पाळीवर असतात, आणि शेकडो लूम एकाच वेळी चालू असलेल्या खात्यात खिशातील फोन वाजलेला ऐकू येत नाही. तेव्हा वडिलांच्या क्रमांकाखाली गिरणीच्या कचेरीचा अथवा फाटकावरील पहारेकऱ्याचा क्रमांक लिहावा, आणि त्याखाली घराशेजारच्या, दिवसा घरी असणाऱ्या एखाद्या मावशीचा.